ओळंब्याशी मतभेद

१४ डिसेंबर

काल हॉस्पिटलमधून घरी आलो. रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. मधली पानं कोरी राहिली त्याला सबळ कारण आहे. स्ट्रोक मेंदूच्या उजव्या बाजूला आला आणि रजेवर गेले ते डावा हात आणि डावा पाय. चूक एका ऑफिसची आणि बदली दुसऱ्याची, हा प्रकार नोकरीत पुष्कळ पाहिलेला आहे. बाकी प्रकृती उत्तम. बुद्धी शाबूत. वाचा शाबूत, सुलभाच्या मते गरजेपेक्षा जास्त.

माझ्यासाठी एक खास खुर्ची भाड्याने आणून ठेवली आहे. दोन्ही बगलांशी गाद्यांचे टेकू, कमरेला पट्टा, डाव्या हाताखाली उशी. बसताक्षणी दोष लक्षात आला. खुर्ची उजवीकडे कललेली आहे. जन्मभर सिव्हिल इंजिनीअर म्हणून इमारती उभ्या केल्या, तेव्हा कललेली वस्तू मला कोणी दाखवून द्यावी लागत नाही. सुलभाला खुर्चीच्या उजव्या पायांखाली पेपरची घडी घालायला सांगितली. घातल्यावर खुर्ची एकदम लेव्हलमध्ये आली. सुलभा म्हणते, आता तुम्ही डावीकडे लोंबायला लागलात. तिचा विषय संस्कृत. लेव्हलमधलं तिला काय कळणार.

संकल्प: महिन्याभरात खुर्ची परत.

१६ डिसेंबर

फिजिओथेरपिस्ट आली. नाव पारमिता. वयाने आमच्या ऋचाएवढी. मला काकू म्हणते. बंगालीत काकू म्हणजे काका, पण इतकी वर्षं कोलकात्यात काढूनही दर वेळी मागे कोण आलंय ते बघावंसं वाटतं.

आल्या आल्या तिने पेपरची घडी काढून टाकली. मग हिंदीत लेक्चर दिलं. म्हणे स्ट्रोकमुळे माझी आतली 'सरळ'ची समजूत सरकली आहे. मला सरळ वाटतं तेव्हा मी डावीकडे कललेला असतो. कोणी सरळ करायला गेलं की मला उजवीकडे पडल्यासारखं वाटतं, म्हणून मी उजव्या हाताने जोर लावून पुन्हा डावीकडे जातो. असं पुष्कळांचं होतं, सरावाने सुधारतं. पण आधी धड स्थिर झालं पाहिजे, मग हात, मग पाय. धडच डगमगत असेल तर चालण्याच्या गोष्टी करू नयेत.

आधी पाया, मग मजले, हे तत्त्व मला मान्य आहे. बाकीचं अमान्य. तिला म्हटलं, माझ्या हाताखालच्या इमारती आजही सरळ उभ्या आहेत. ती म्हणाली, इमारती सरळच आहेत काकू, प्रश्न तुमचा आहे. मी म्हटलं, टेकू लावलेली इमारत मी कधी ताब्यात दिली नाही. तिने विचारलं, स्लॅब पक्का व्हायच्या आत टेकू काढले होते का कधी? तिचे वडील डमडमला कॉन्ट्रॅक्टर आहेत असं निघालं. हे आधी सांगायला हवं होतं.

१९ डिसेंबर

घरात चटणी, कोशिंबीर, लोणचं सगळं बंद झालं आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं आणि सुलभाने कर्फ्यू लावला. घरी आल्यापासून पानात नुसता भात, पोळी आणि भाजी, तीही अर्धीच. आज सहनशक्ती संपली आणि बोललो. तिने ताट उचललं, अर्धं फिरवलं आणि परत ठेवलं. शेंगदाण्याची चटणी, गाजराची कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं हजर.

मी बोलल्यावर तिने घाईघाईने वाढलं असणार. हात चपळ आहे तिचा. तिचं म्हणणं असं की लग्न झाल्यापासून ती चटणी पानात डावीकडेच वाढते आहे, मीच हल्ली डावीकडे बघत नाही. पारमिताची भाषा आता स्वयंपाकघरात शिरली. जेवण मात्र आज पोटभर झालं.

२२ डिसेंबर

बंगळूरहून ऋचाचा व्हिडिओ कॉल. मागे जावई कौस्तुभ, मांडीवर नात आभा. आभा आता पाचव्या महिन्यात आहे. तिच्या बाललीला बघण्यासारख्या आहेत, पण ऋचाच्या मानेचं काहीतरी बिघडलं आहे. पूर्ण वेळ मान एका बाजूला वाकवून बोलत होती. दिवसभर लॅपटॉप, दुसरं काय होणार. मानेचे व्यायाम करायला सांगितले. ती बरं म्हणाली आणि उगीचच डोळे पुसायला लागली. सर्दी झाली असावी.

मुख्य बातमी. आभाचं उष्टावण इथेच करायचं ठरलं आहे, सातव्या महिन्यात, ९ फेब्रुवारीला. मला प्रवास झेपणार नाही असा त्या सर्वांचा ग्रह आहे. आमच्याकडे मामा बाळाला मांडीवर घेऊन पाटावर बसतो आणि सोन्याच्या अंगठीने खिरीचं पहिलं बोट चाटवतो. ऋचाला भाऊ नाही. दिवस राहिले तेव्हाच तिने मला सांगितलं होतं, बाबा, मामाच्या जागी तुम्हीच बसायचं. त्या दिवशी मला काय वाटलं होतं ते इथे लिहिलं नव्हतं. फार बरं वाटलं होतं.

आज फोन ठेवता ठेवता सुलभा हळूच म्हणाली, तशीच वेळ आली तर आपला मंदार आहेच.

मंदार म्हणजे खालच्या मजल्यावरचा. मूळचा साताऱ्याचा, सेक्टर फाइव्हमध्ये आयटीत आहे, रोज जिमला जातो, ऋचाला ताई म्हणतो. मुलगा चांगला आहे. पण पाट माझा आहे.

संकल्प: ९ फेब्रुवारीला पाटावर, बिनटेकू, आभा मांडीवर.

२४ डिसेंबर

शास्त्रीय पद्धतीने निकाल लावायचं ठरवलं. माळ्यावरून माझा जुना ओळंबा काढायला लावला. तोच तो, दोरीला पितळी भोवरा लावलेला, गवंड्यांच्या हातात असतो तसा. सुलभाने तो पडद्याच्या दांडीला बांधला. मी समोर बसून स्वतःशी ताडून पाहिलं. ओळंबा माझ्याशी जुळेना.

पंखा बंद होता. खिडकी लावायला सांगितली. तरी जुळेना. पारमिता तेवढ्यात आली आणि फार खूश झाली. म्हणाली, वा काकू, हीच तर ट्रीटमेंट आहे. डोळ्यांना सरळ दिसतंय ना? मग अंगाचं ऐकू नका, डोळ्यांचं ऐका. दाराची चौकट बघा, ओळंबा बघा, त्यांच्या रेषेत या. तिने मला त्या रेषेत आणलं. मी पडतो आहे असं मी स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, पडत नाहीये, पहिल्यांदाच नीट बसलाय.

विचारांती निष्कर्ष. ओळंबा खोटं बोलत नाही. मीही बोलत नाही. म्हणजे इमारत कलली आहे. आमचं सॉल्ट लेक म्हणजे सगळी दलदल भरून काढलेली जमीन. पाया खचायला कितीसा वेळ लागतो?

२६ डिसेंबर

सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावून इमारत कलल्याची तोंडी सूचना दिली. घोषबाबू सज्जन माणूस. मंकी कॅप काढून शांतपणे सगळं ऐकलं, दार्जिलिंग चहा घेतला, आणि बोलताना त्यांचीही मान ऋचासारखीच वाकडी झाली होती. या शहरात मानेची साथ आली आहे काय? लक्ष घालतो म्हणाले. जाताना दाराशी सुलभाशी बराच वेळ हळू आवाजात बोलले. बहुधा दुरुस्तीच्या वर्गणीबद्दल.

२९ डिसेंबर

आज एक छोटा प्रयोग केला. सुलभा आंघोळीला गेली तेव्हा पट्ट्याचं बक्कल काढलं आणि डावीकडचा टेकू उपसून टाकला. मोकळं वाटलं. क्षणभर मी पूर्णपणे स्वतःच्या बळावर बसलो होतो, याला साक्षीदार नाही हे दुर्दैव.

नंतर मी पडलो असं घरात बोललं जातं. वस्तुस्थिती अशी की मी डावीकडे आडवा झालो, फक्त जरा वेगाने. खाली सतरंजी होती. कुठेही लागलं नाही. सुलभा ओल्या केसांनी धावत आली आणि तिच्याने मी उचलला जाईना, म्हणून मंदारला हाक मारली. त्याने मला एखादी बॅग ठेवावी तसा उचलून खुर्चीत ठेवला. काका, सावकाश, म्हणाला. सावकाशच चाललं होतं, हा धावत आला म्हणून घाई झाली.

सुलभा संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही.

३१ डिसेंबर

पट्ट्याचं बक्कल आता पाठीमागे आलं आहे. पट्टा उलटा बांधायची कल्पना सुलभाची. संस्कृतवाल्यांना यंत्रातलं काही कळत नाही हे माझं मत जरा सुधारून घ्यावं लागेल.

नव्या वर्षाचे संकल्प: टेकू सोडणे. मंदारबद्दल मनात राग न ठेवणे. यांपैकी एक तरी.

६ जानेवारी

नवीन व्यायाम. पलंगाच्या कडेला बसायचं, पाय जमिनीवर, आणि उजवा खांदा भिंतीला टेकवायचा. पारमिता समोर स्टुलावर. ऐकायला हास्यास्पद वाटतं. भिंत वीतभर लांब होती आणि तिकडे सरकायचं होतं, एवढंच काम.

खरं लिहायचं तर फार भीती वाटली. उजवीकडे भिंत नाहीच, बारावा मजला आहे आणि कठडा अजून बांधलेला नाही, असं वाटलं. डोळ्यांना भिंत दिसत होती, तिच्यावर आभाचा फोटो दिसत होता, तरी अंग ऐकेना. उजव्या हाताने गादी इतकी घट्ट धरली होती की पारमिताला एकेक बोट सोडवावं लागलं. ती घाई करत नव्हती. बंगालीत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "भॉय नेई काकू, देयाल आछे." घाबरू नका, भिंत आहे.

शेवटी खांदा टेकला. भिंत होती.

एवढ्या थंडीत अंगाला घाम फुटला. सुलभाला सांगितलं की हीटर बंद कर. आमच्याकडे हीटर नाही.

११ जानेवारी

प्रगती. पारमिताने उजवीकडचा टेकू काढला. डावीकडचा आणि पट्टा तेवढा उरला आहे, म्हणजे काम जवळजवळ पूर्ण. तिने आता लाच देण्याची पद्धत अवलंबली आहे. उजवीकडे लांब स्टुलावर नोलेन गुडाचा संदेश ठेवते आणि तो हात लांब करून स्वतः घ्यायचा. हिवाळ्यात या खजुराच्या गुळाच्या मिठाईसाठी बंगाली माणूस कुठवर जातो ते ऐकून होतो. आज मी उजवीकडे गेलो. पडलो नाही. संदेश तोंडात टाकला.

दुसऱ्याच्या वेळी सुलभाने बशी उचलून नेली. शुगर. विज्ञानाच्या प्रगतीत गृहिणींचा अडथळा.

१७ जानेवारी

ऋचाला फोनवर कळवून टाकलं की सगळे टेकू गेले, मी पाटावर बसणार, काळजी नसावी. हे खोटं नाही. काम पूर्ण होण्याआधी पूर्ण झाल्याचं कळवायची पद्धत आमच्या खात्यात होती, त्यामुळे कामाला वेग येतो. सुलभा शेजारी बसून वाटाणे सोलत होती. तिने एक शेंग सोलायला नेहमीपेक्षा फार वेळ घेतला.

जिन्यात मंदार भेटला तर सांग, त्याने सोवळं वगैरे विकत घेऊ नये, असंही तिला म्हटलं. ती म्हणाली, त्याने घेतलंय.

२६ जानेवारी

टीव्हीवर संचलन चालू असताना ऋचा, कौस्तुभ आणि आभा आले. ऋचा दारातच थांबून माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्चीकडे. मग टेकूकडे. बाबा, फोनवर तर तुम्ही, एवढं म्हणाली आणि पुढचं गिळून गळ्यात पडली.

आभाला सतरंजीवर बसवलं आहे. चारी बाजूंना उशा. मध्येच डावीकडे कलंडते, उशीवर पडते आणि हसते. कोणीतरी उचलून सरळ करतं, पुन्हा कलंडते. मी समोरच्या खुर्चीत, माझ्याही बाजूला उशी. कौस्तुभने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. आभाची पद्धत चुकीची आहे. पडताना हसण्यामुळे शिस्त लागत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो. संध्याकाळी मी म्हटलं, दे तिला जरा इकडे. ऋचा लगेच उठली, आभाला माझ्याजवळ आणलं, माझ्या गुडघ्यावर टेकवलं, पण स्वतःचे हात काढले नाहीत. मी सोड म्हटलं नाही. तिने सोडलं नसतं. वाईट वाटलं.

३० जानेवारी

पारमिता आता एका वेळी दोन पेशंट घेते. मला पलंगाच्या कडेला बसवते आणि आभाला खाली समोर. दोघांच्या उजवीकडे खुळखुळा ठेवते. आभा धडपडत जाते, पडते, पुन्हा जाते. पारमिता म्हणाली, बघा काकू, ही माझ्याशी वाद घालत नाही, म्हणून पटपट शिकते. मी म्हटलं, तिला अजून बोलता येत नाही, एकदा येऊ दे, मग बघ, कोणाची नात आहे ते.

मात्र आज खुळखुळा आधी मी उचलला. नोंद असावी.

३ फेब्रुवारी

सरस्वती पूजा. सकाळपासून खाली लाऊडस्पीकर. पिवळ्या साड्या नेसलेल्या मुलींचे घोळके खिडकीतून दिसत होते. अशा गोंगाटात दुपारी आभा उशांशिवाय बसली. अगदी ताठ. दोन्ही हात हवेत. ऋचाने किंकाळी फोडली, सुलभा पोळपाट टाकून आली, कौस्तुभने व्हिडिओ काढला, मंदार खालून वर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी मीही टेकूला अंग न लावता बसलो होतो. कोणी पाहिलं नाही. सांगितलं तेव्हा सगळे हो हो म्हणाले.

मी टाळी वाजवू शकलो नाही. एका हाताने वाजत नाही. पण आनंद झाला, अगदी खरा.

५ फेब्रुवारी

घरात बैठक. पारमिताही थांबली. तिचा प्रस्ताव: पाट नको. पाटाला ना पाठ ना हात, आणि जमिनीवर बसलं की धडावर सगळा भार. त्यापेक्षा खुर्चीत बसा, दोन्ही टेकू, पट्टा, मांडीवर उशी, उशीवर आभा. त्यांच्याकडेही मुखेभातला, म्हणजे उष्टावणाला, मामाच पहिला घास देतो, तेव्हा माझ्या भावना तिला समजतात.

मी सांगितलं, आमच्याकडे मामा पाटावर बसतो. बांधलेला मामा मी आजवर पाहिलेला नाही. पाट नाहीतर काही नाही.

 सुलभा म्हणाली, "ठीक आहे. मग काही नाही. मंदार बसेल."

"माझी नात आहे ती."

"म्हणूनच," ती म्हणाली.

 लग्नापासून आजवर सुलभाने मला असं एका शब्दात कधी थांबवलं नव्हतं. रात्री जेवलो नाही. नंतर भूक लागली म्हणून दूध घेतलं.

८ फेब्रुवारी

बाकी सगळी बाजारात गेली तेव्हा रंगीत तालीम केली. कौस्तुभ घरी होता, तो या कटात सामील. पाट भिंतीशी ठेवला, त्याने मला धरून खाली बसवलं, उजवा खांदा भिंतीला. आभाच्या वजनाची तांदळाची पिशवी मांडीवर घेतली. त्याला म्हटलं, हात काढ. त्याने काढले.

छान बसलो होतो. खांदा भिंतीवरून सुटला कधी ते कळलं नाही. पिशवी डावीकडे गेली, तिच्यामागून मी. कौस्तुभने मला धरलं. पिशवी नाही धरता आली. गोविंदभोग तांदूळ सोफ्याखालपर्यंत पसरला.

पिशवीचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं, असं त्याला सांगितलं. तो हो म्हणाला आणि तांदूळ झाडायला लागला. मी खुर्चीतून ते बघत होतो. झाडूखाली सगळीकडे तांदूळच तांदूळ.

नंतर आभा खोलीत रांगायला बघत होती तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

९ फेब्रुवारी, सकाळी

पाट बारकाईने तपासला. त्याचा एक पाय किंचित हलतो. अशा पाटावर लहान मूल घेऊन बसणं हा तांत्रिक दृष्ट्या बेजबाबदारपणा ठरेल. माझ्यासारख्या माणसाला ते शोभणार नाही. सुलभाला हाक मारून सांगितलं, खुर्चीला दोन्ही टेकू लाव. पट्टाही घट्ट बांध. पाटाचा दोषही तिला दाखवला.

तिने पाटाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून पट्टा बांधायला लागली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

९ फेब्रुवारी, रात्री

समारंभ उत्तम पार पडला. माणसं बेताची. घोषबाबू सपत्नीक. पारमिता लाल काठाची साडी नेसून आली होती. मी धोतर, शाल, आणि शालीखाली पट्टा, कोणाच्या लक्षातही आला नसेल. आभाला मांडीवर दिलं. ओळंब्यासारखी सरळ बसली. मी उजव्या हाताने अंगठी खिरीत बुडवली आणि तिला चाटवली. तिने आधी विचार केला, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितली. घोषबाबूंच्या मिसेसनी आणि पारमिताने तोंडाने उलू केलं, म्हणजे बंगाली मंगल कार्यातला किलकिलाट, त्या आवाजाने आभा दचकली आणि तिने माझी शाल घट्ट धरली. माझी. शेजारी मंदार नवं सोवळं नेसून उभा होता, पण त्याला काही काम उरलं नव्हतं. बिचारा.

पूर्ण वेळ मी ताठ बसलो होतो. आभाला मी एकट्याने सांभाळलं. कोणाचाही हात लागला नाही. असा दिवस आयुष्यात थोड्यांच्या वाट्याला येतो.

संध्याकाळी सुलभाने माझ्या डाव्या खांद्यावरची खीर पुसून काढली. बरीच होती. सकाळपासून तिथेच असणार.

१० फेब्रुवारी

सकाळी कौस्तुभने फोटो दाखवले. त्यातला एक मोठा करून मागितला.

मधोमध मी. माझ्या डाव्या अंगाला ऋचा गुडघ्यांवर बसलेली, तिचे दोन्ही हात आभाच्या कमरेला. ही तिथे कधी आली? मागे मंदार, वाकलेला, शालीखाली हात घालून पट्टा धरलेला. समोर वाटी घेऊन सुलभा. पारमिताही पुढे झुकलेली, केव्हाही झेपावता येईल अशी. कॅमेऱ्याकडे कोणीच बघत नाही. सगळे माझ्याकडे बघताहेत.

कौस्तुभला म्हटलं, फोटो वाकडा घेतला आहेस. मुलगा गुणी आहे, वाद घातला नाही. फोनमध्ये खाली एक पट्टी असते, ती बोटाने सरकवली की फोटो फिरतो, एवढंच दाखवलं आणि फोन माझ्या हातात दिला.

पट्टी सरकवली. मी सरळ होईपर्यंत सरकवत नेली. मी झालो सरळ. दाराची चौकट पडायला आली, सुलभा पडायला आली, आणि माझ्या मांडीवर ताठ बसलेली आभा माझ्या उजव्या अंगाला निघाली. जमिनीच्या दिशेने.  मी पट्टी झटकन मागे नेली.

आभा पुन्हा सरळ झाली. चौकटही. सुलभाही. कौस्तुभने विचारलं, बाबा, सेव्ह करू? म्हटलं, नको, आधीचाच राहू दे.

मी डावीकडे कललेला आहे. पुष्कळ.

पारमिता आली की हे तिला सांगावं असं मनात आलं. मग लक्षात आलं, तिला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे.